सूचनांप्रमाणे

पुन्हा चूक दाखवणारी लाल अक्षरं उमटली आणि विदुलानं लॅपटॉप फाटकन मिटला.

अंधांना पुस्तकं वाचून दाखवणारं ते सॉफ्टवेअर कुणीही सुधारू शकत होतं. विदुलालाही त्यात हातभार लावायचा होता, पण आधी ते स्वतःच्या लॅपटॉपवर चालायला हवं. सूचना तर तिनं शब्दशः पाळल्या होत्या.

"आई, बाळंतपणानंतर डोकंच गंजलंय माझं."

"ज्यांनी बनवलं त्यांना विचार की," सासूबाई मटार सोलत म्हणाल्या.

हसतील या धास्तीनं, भीतभीतच तिनं त्यांच्या ग्रुपवर विचारलं.

उत्तर आलं, "चूक आमचीच. सूचनांमधली एक पायरी लिहायची राहिलीय. आमच्या मशीनवर सगळं आधीच असल्यानं कुणाला कळलंच नाही. ती सांगतो, सूचनांमध्ये तुम्हीच लिहून द्याल?"

विदुलाचा जीव भांड्यात पडला. "आई, डोकं शाबूत आहे माझं!"

"मला ठाऊक होतं. लॅपटॉप तेवढा हळू मिटत जा."