बायनाबाईची बोरं

"संक्रांतीच्या आसपास तुमच्या घरी परदेशातून कुणी आलं होतं का?" पुण्याहून आलेल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, आणि शिवकांताची चहाची बशी तोंडाशी जाता जाता थांबली.

आलं होतं का म्हणे! अख्ख्या वडवणीला विचारा. मुलगा संगमेश जर्मनीहून बायको-पोराला घेऊन आला, तेव्हा शिवकांताचे पाय जमिनीला लागत नव्हते. दुकानात मीठ न्यायला आलेल्या बाईलासुद्धा 'आमचा मृत्युंजय तिकडंच जन्मला' हे ऐकल्याशिवाय मीठ मिळत नव्हतं. नातू दीड वर्षाचा. त्याचं बोरन्हाण तिनं असं केलं की पेठेनं नाव काढावं. हलव्याचे दागिने घालून त्याला पाटावर बसवलं. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओतले, तशी गल्लीतली पोरं लुटायला तुटून पडली. लुटलं की तिथंच तोंडात. नातवाचं पोट सकाळपासून जरा बिघडलेलं होतं. न्हाणाआधी शिवकांतानं त्याला दोनदा धुतलं, हातावर चूळभर पाणी घेतलं आणि तशीच बोरं-चुरमुरे कालवायला बसली. सुनेनं साबण पुढं केला, तर हिनं तिलाच झापलं. देवाचं लेकरू ते, त्याचा कसला आलाय विटाळ!

बोरं बायनाबाईची होती. तिच्या बांधावर दोन बोरी होत्या आणि हिवाळाभर आठवडी बाजारात तीच बोरं विकून तिचं घर चालायचं. त्या दिवशी टोपली घेऊन तिची नात सोजर आली होती. आईबापाविना पोर, आजीनंच वाढवलेली. लुटीत तीच सगळ्यांच्या पुढं होती.

आठवडा झाला नाही तोच गल्लीतली पोरं तापानं फणफणली. डोकं धरून ओरडायची, मान वाकेना. बीडच्या दवाखान्यात त्यांच्या पाठीतलं पाणी काढलं, मेंदूच्या आवरणाला सूज आलीय म्हणाले. बाकीची पोरं हळूहळू बरी झाली. सोजर तेवढी घरी आली नाही. मृत्युंजय तोवर विमानानं परत गेला होता, ठणठणीत.

आता कुणाच्या तरी डोक्यावर खापर फुटायला हवंच. ते शिवकांतानं फोडलं. बायनानं कुठल्या घाणीतली बोरं वेचून आणली कोण जाणे, असं ती दुकानात बसून बोलली, आणि दुकानातलं बोलणं बाजारात पोचायला कितीसा वेळ लागतो! बायनाबाईकडून कुणी कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेईना. त्याहून वाईट म्हणजे तिनं स्वतःच ते खरं धरलं. ज्या हातांनी बोरं वेचली त्याच हातांनी तिनं दोन्ही बोरी तोडल्या. माझी सोजर मीच मारली, असं भेटेल त्याला सांगत सुटली. नाही गं बाई, असं कुणी म्हणत नसे.

डॉक्टरबाई मात्र निवांत समजावून सांगत होत्या. हा विषाणू माणसाच्या आतड्यात राहतो आणि नीट न धुतलेल्या हातांवरून दुसऱ्याच्या तोंडात जातो. एकातून दुसऱ्यात जाताना थोडाथोडा बदलतो. त्या बदलांवरून त्याची भावकी लावता येते, कोण कुणाचा आणि कुठून आला ते कळतं. इथल्या पोरांत सापडला त्याची जवळची भावकी आपल्या मुलखात कुठंच नव्हती. ती गेल्या उन्हाळ्यात जर्मनीतल्या पोरांत होती. बांधावरची बोरं काही जर्मनीला जाऊन येत नाहीत, असं त्या हसून म्हणाल्या. ज्याच्याबरोबर तो आला त्याला जुलाबापलीकडं काही झालंही नसेल. दोष कुणाला द्यायचा नाही, नुसती साखळी कळायला हवी.

शिवकांताला साखळी कधीच कळली होती. पुढं केलेला साबण, चूळभर पाणी, कालवलेली बोरं. सांगितलं तर उद्या हीच पेठ मृत्युंजयाचं नाव घेऊन थुंकेल, हे तिला दिसलं. स्वतःच्या हातांचा विचार तर तिला पुरता करवेना. गल्ल्यावर बसलेल्या मल्लिकार्जुनानं, तिच्या नवऱ्यानं, मान खाली घातली ती वर केलीच नाही.

"न्हाई ओ बाई," शिवकांता म्हणाली. "आमी खेड्यातली मान्सं. आमच्याकडं कोन येनार परदेशातून?"

डॉक्टरबाईंनी चहा संपवला. आजी, हात साबणानं धुवत जा, एवढं सांगून त्या जीपमध्ये बसल्या.

जीप गेली तरी बायनाबाई दुकानाच्या खालच्या पायरीवर बसून होती. दवाखान्याची गाडी आल्याचं ऐकून ती केव्हाचीच आली होती, पण वर चढायची तिची छाती झाली नव्हती. काही महिन्यांमागं अंगानं भरलेली बाई आता नुसती हाडं उरली होती. तिनं पदर तोंडाशी धरला.

"आक्का, काय म्हनल्या बाई? माज्या बोरांचंच हुतं ना?"

एका शब्दाचं काम होतं. तो शब्द शिवकांताच्या ओठांपर्यंत आलाही. मग ती पायरी उतरून खाली आली आणि तिनं आपला हात बायनाबाईच्या डोक्यावर ठेवला.

"जाऊ दे बायना, लई मनाला लावून घिऊ नको. आमी तुला माफ केलंय."