ओले खिसे

"वजन सांगतो, वजन! काट्याच्या आधी सांगतो! किलोभर चुकलो तर अस्वल तुमचं!"

नदीकाठच्या बाजारात आकाशपाळण्याचे दिवे नुकतेच लागले होते आणि वजनवाल्याचा घसा अजून ताजा होता. मागे मोठ्या तबकडीचा काटा, काट्याला साखळ्यांनी टांगलेली खुर्ची, आणि वर ओळीने बक्षिसाची कापसाची अस्वलं. ती सहसा तिथून हलत नसत. माणूस चार पावलं चालताना दिसला की वजनवाल्याला पुरे.

एक आई आणि तिचा मुलगा समोर येऊन थांबले. मुलगा चांगला दांडगा. आई मात्र अशी, की तिच्या स्वेटरात तिच्यासारखी आणखी एक मावली असती.

"घरचा काटा बिघडलाय म्हणतेस ना? मग इथे बस," मुलगा म्हणाला.

"इथे, चारचौघांत? मी काय बटाट्याचं पोतं आहे?"

"आई, डॉक्टर तुझ्यासमोरच बोलले. पंचेचाळीसच्या खाली गेलीस तर तुला एकटं ठेवायचं नाही. कमी भरलीस तर उद्या मी जात नाही. नोकरी गेली उडत."

"मोठा आला नोकरी उडवणारा! दोन वर्षं डोळे लावून बसला होतास तिच्याकडे." मग ती एकदम हसली. "बसते बाबा. आधी टोकन तर आण."

टोकनं फाटकापाशीच्या खिडकीत मिळत. मुलगा रांगेत जाऊन उभा राहिला. त्याची पाठ वळताच आई म्हणाली, "दादा, जरा पाय धुऊन येते हं," आणि बाजूच्या पायऱ्या उतरून पाण्याशी गेली.

वजनवाल्याची नजर सवयीने तिच्या पाठोपाठ गेली. पायऱ्या उतरताना माणसाचं अंग काही लपवत नाही. बेचाळीस, त्याने मनात म्हटलं. तेही पोटभर जेवून आली असेल तर.

तिने पाय धुतलेच नाहीत. वाकली, एक गोटा उचलला, तळहातावर जोखला आणि खिशात टाकला. मग दुसरा. एक पसंत पडला नाही, तो भाजी निवडावी तसा परत ठेवला.

वर आली ती धापा टाकतच. स्वेटरचे दोन्ही खिसे गुडघ्यांकडे ओढले गेले होते आणि खालून ओले झाले होते. तिने वजनवाल्याकडे पाहिलं. वजनवाल्याने अस्वलांकडे.

"पोराला पाठवायचंय हो मला," ती हळूच म्हणाली.

"मी कुठे काय म्हणालो, मावशी?"

म्हणाला खरा, पण आता आकडा कोणता सांगायचा? बेचाळीस सांगावं, तर काटा भलतंच दाखवणार. आणि कधी न चुकणारा माणूस आजच एवढा कसा चुकला, हे पोरगा विचारणारच. चढवून सांगावं, तर किती? माणसं तो रोज नजरेने तोलायचा; दगडांशी त्याचा कधी संबंध आला नव्हता. शिवाय काट्यापुढे खोटं बोलायचं नाही, हे त्याच्या बापाचं सांगणं. ते त्याने देवापुढच्या दिव्यासारखं जपलं होतं.

मुलगा टोकन घेऊन आला. आई दोन्ही हात खिशांवर ठेवून खुर्चीत बसली. साखळ्या करकरल्या. येणारे-जाणारे दोघे-चौघे थांबले.

"बोला," मुलगा म्हणाला. "पण खरं बोला हां."

"खुर्चीत जे बसलं त्याचं वजन सांगायचं, एवढंच आपलं काम." वजनवाल्याने क्षणभर वर आभाळाकडे पाहिलं. देवा, यात खोटं कुठे आहे, तूच बघ. मग ओरडला, "सेहेचाळीस!"

त्याने काट्याची कळ सोडली. काटा झपकन वर गेला, थरथरला, मागे आला आणि पंचेचाळीसच्या जरासा पुढे येऊन थांबला.

"बघ! भरलं ना?" आई लहान मुलीसारखी पाय हलवत म्हणाली. "उगाच जिवाला घोर लावून घेतोस. जा आता सुखाने."

"भरलं," मुलगा म्हणाला. तो अजून काट्याकडेच बघत होता.

ती उतरायला लागली आणि खिशातून एक गोटा निसटला. फळीवर टक्कन वाजला, गडगडत निघाला. वजनवाला चटकन पुढे झाला आणि त्याने त्यावर पाय ठेवला.

"काय पडलं?"

"काट्याचंच काहीतरी असेल. जुना झालाय माझ्यासारखा, एकेक गळतंय."

मुलगा हसला नाही. त्याने वजनवाल्याच्या बुटाकडे पाहिलं. फळीवर एक ओली रेघ उमटली होती. ती बुटापासून आईच्या चपलांपर्यंत जात होती.

"तुम्ही रोज असता इथे?" त्याने विचारलं.

"रोज."

"पहिल्या सुट्टीला येईन तेव्हा हिला पुन्हा इथेच बसवीन."

"पुन्हा?" आईचा चेहरा उतरला.

"तोवर दोन घास जास्त खा, मावशी," वजनवाला म्हणाला.

"खाईन की. मला काय धाड भरलीय?"

"चल," मुलगा म्हणाला. "पाळण्यात बसू. उद्या लवकर निघायचंय मला."

दोघं गर्दीत शिरली. वजनवाला पाय न उचलता बघत राहिला. आधी त्याला वाटलं, मुलाने आईचा दंड धरलाय. नीट पाहिलं तेव्हा कळलं, मुलाचा हात दंडाला नव्हता, त्याच्या बाजूच्या खिशाखाली होता. त्या ओल्या खिशाचा सगळा भार तळहातावर घेऊन तो आईच्या पावलाने चालला होता, आणि ती मान वर करून त्याला काहीतरी सांगत होती.