एका घराची हरकत

"आजपासून डबा बंद," कालिंदी म्हणाली. "त्या म्हाताऱ्याच्या पोटात माझ्या हातचं अन्न जाणार नाही."

तिचा नवरा काशीनाथ रेल्वेच्या ऑफिसातून नुकताच आला होता. "एकटा जीव आहे गं. उपाशी राहतील."

"आणि आपली बकुळ?"

त्याने पिशवी खुंटीला अडकवली.

काशीत संकठा घाटाकडे उतरणाऱ्या त्यांच्या गल्लीत गटाराचं पाणी नळात मिसळत होतं. नगरपालिकेने नवी पाइपलाइन मंजूर केली, पण खर्च गल्लीतल्या चौदा घरमालकांवर टाकला. घरटी आठशे रुपये खास कर. एकानेही लेखी हरकत घेतली तर काम रद्द. बैठकीत फक्त कालिंदीच्या डब्यावर जेवणारे ढुंढिराजशास्त्री कडाडले होते, "आम्ही का भरायचं? सरकारनं भरावं!" महिन्याभरात एक लेखी हरकत आल्याचं कळलं; ती शास्त्रीबुवांचीच, असं सगळ्यांनी धरलं. काम थांबलं. त्याच श्रावणात कालिंदीची सहा वर्षांची बकुळ टायफॉइडने गेली.

गल्लीने शास्त्रीबुवांशी बोलणं टाकलं. एकदा ते काठी टेकत दारात आले.

"कालिंदी, बैठकीत चिडलो होतो खरा. पण नंतर संमतीची सही केली गं मी."

तिने दार लावून घेतलं. आत काशीनाथ जेवत होता.

"ऐकलंत? किती खोटं बोलावं माणसानं!"

"जेवू दे मला," तो म्हणाला. पण तसाच उठला.

पौषात शास्त्रीबुवा गेले. दोन दिवस कुणाला कळलंही नाही. घर नागपूरच्या पुतण्याकडे आलं. कालिंदीने त्याला पत्र लिहून हरकत मागे घेतल्याचा कागद मागवला.

"दे, मी नेऊन देतो," काशीनाथ म्हणाला. महिना उलटला तरी कागद त्याच्या पिशवीतच होता. शेवटी तीच नगरपालिकेत गेली.

तिथल्या बाबूने कागद वाचला, फाइल चाळली. "बहनजी, शास्त्रीजी की तो सहमति है. ये देखिए."

"नहीं भैया, उन्होंने ही तो रोका था."

"आपत्ति एक ही है. जिसने दी, वही वापस ले सकता है." त्याने फाइल फिरवून तो एकमेव हरकतीचा अर्ज तिच्यापुढे सरकवला.

अर्ज लहानसाच होता. इतका खर्च या वेळी झेपणार नाही, काम रद्द व्हावं. खाली ठळक सही होती, काशीनाथ पावगी, घर क्रमांक सात.