पोत्यातला चंद्र

लांडग्यासाठी मांडलेल्या चापात शेजाऱ्याची रेनडियर मादी अडकली होती. पाय सोलवटला होता, पण मोडला नव्हता.

“वहिनी, आधी तोंडावर पोतं टाका,” प्रोकोपी म्हणाला. “डोळे झाकले की जीव गप होतो.”

अग्राफेनाने पोतं टाकून मान आवळून धरली. धडपड हळूहळू थांबली. प्रोकोपीने दोन्ही स्प्रिंगांवर पाय देऊन चापाचा जबडा उघडला. मादी लंगडत झाडीत गेली.

अग्राफेनाने पोतं उलटं केलं. आत, नाकापाशी, श्वास गोठून बर्फाची गोल चकती धरली होती. तिचा नवरा लुका अशा चकतीला चंद्र म्हणायचा. पोरांना जवळ बोलावून दाखवायचा, “हा उगवला म्हणजे जनावर जिवंत. मेलेल्याचं पोतं कोरडंच राहतं.”

लुका जाऊन आज सहावा दिवस. चाप मांडताना त्याचे दोन्ही हात जबड्यात सापडले होते.

“काही बोलले का हो, भावजी, शेवटी?”

“कुणाशी बोलणार? मी पोचलो तेव्हा दादाचं गोठून लाकूड झालं होतं. चेहरा बघवेना, म्हणून माझं पोतं टाकलं.”

अग्राफेनाने हातातलं पोतं झटकलं.

“मग, काय ठरलं?” स्लेज जोडता जोडता त्याने विचारलं. “धाकट्या दिराने वहिनीला घरात घ्यायची आपल्यात रीतच आहे. दादाचं जंगलही मी सांभाळीन. एकटी बाई चाप मांडणार म्हटल्यावर लांडगेसुद्धा हसतील.”

“पाय अडकेपर्यंत हसतील.”

“म्हणजे नाही?”

“जेवायला या. तेव्हा सांगते.”

घरी येईपर्यंत तिने ठरवलं होतं. हो म्हणायचं. थोरल्या भावाचं प्रेत या माणसाने एकट्याने दिवसभर ओढत आणलं होतं. आणखी काय बघायचं?

त्याच्यासाठी मासा काढायला ती मागच्या कोठारात गेली. तिथे चूल नव्हती. हिवाळाभर सगळं गोठून दगडासारखं राही. फळीवर लुकाच्या तोंडावरचं पोतं होतं, प्रोकोपीने घडी घालून दिलं होतं तसंच. सहा दिवस तिला हात लावायचा धीर झाला नव्हता. आता त्याच्याच घरी जायचं, तर त्याचं पोतं झटकून द्यावं.

तिने घडी उलगडली.

आत पांढराशुभ्र चंद्र उगवला होता.