किड्यांसाठी आलेली गाडी

रेशमाचे किडे कालपासून पाला खात नव्हते, म्हणून रेशीम खात्याचे साहेब चिखलीहून तासाभरात उंद्रीला हजर झाले. दीपकने फोनवर नुसतं "साहेब, किडे..." म्हटलं होतं, तेवढ्यावर जीप निघाली. साहेबांनी किड्यांच्या शेडच्या दारात जंतू मारायला पसरलेल्या चुन्यात पाय दिले, तोंडाला मास्क लावला. मास्क माणसासाठी नव्हे. माणसाचा श्वास किड्यांना बाधू नये म्हणून.

अंगणात लिंबाखाली दीपकची बायको जयमाला ज्वारी चाळत बसली होती. ज्वारीत सोंडे, दाणे पोखरणारे किडे, झाले होते. चाळणी हलली की धूळ उडे आणि तिची छाती शिट्टीसारखी वाजे. शेडकडे जाणाऱ्या प्रत्येकाला ती शिट्टी ऐकू येत होती.

हे शेड आधी तिनेच सांभाळलं. मग दम लागू लागला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की किड्यांच्या कातेची, विष्ठेची भुकटी हवेत उडते, ती हिला सोसत नाही. शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही, आणि दुसऱ्या किड्यांपासूनही जपायचं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं हिच्या शरीराचं झालंय. एक किडा वैरी ठरला, की त्याचे भाऊबंदही वैरी. घरच्यांनी यातलं निम्मंच ऐकलं. शेड सुटलं, चाळणी हातात आली. झिंगाही किड्यांचाच लांबचा भाऊबंद. परवा वाळक्या झिंग्यांच्या, सुकटीच्या चटणीने तिचे ओठ सुजले, तेव्हा सासू पुष्पाबाई म्हणाल्या होत्या, की रेशमाचा किडा नको, सोंडा नको, आता झिंगाही नको. महाराणीला चालतं तरी काय? तळपायाची आग मस्तकात जावी असं हे बोलणं. त्या घरात त्याला गंमत म्हणत.

साहेब हसतच बाहेर आले. किड्यांना काहीही झालेलं नाही, म्हणाले, ते कात टाकायला बसलेत. अशा वेळी ते खात नसतात.

"त्यांना आराम करू द्या. हवा खेळती ठेवा. आणि उद्यापर्यंत कोणी हात लावू नका."

पुष्पाबाईंनी लगेच लेकाला खिडक्या उघडायला लावल्या. मग सुनेकडे वळल्या.

"पाह्यलं? तुह्याशिवाय कोणाले समजत नाही. उद्यापासून तूच जाय शेडात."

"मले दम लागते, आत्याबाई."

"सोंड्यानं बी लागते, किड्यानं बी लागते. मंग शेडातच लागू दे."

जयमालाने चाळणी खाली ठेवली. पदराने तोंड पुसलं आणि ती सरळ साहेबांच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसली. चिखलीच्या दवाखान्यात सोडा, म्हणाली. साहेबांनी दीपककडे पाहिलं. दीपकने आपल्या पायांवरच्या चुन्याकडे.

पुष्पाबाई तरातरा आल्या आणि त्यांनी तिचा दंड धरला. संध्याकाळच्या भाकरी कोण थापणार, हेही विचारून झालं.

जयमालाला बोलण्यापुरताही श्वास नव्हता. तिने तो गोळा केला.

"साहेबांनी आत्ता काय सांगतलं, आत्याबाई? आराम करू द्या. हवा खेळती ठेवा."

ती थांबली. छातीत पुन्हा शिट्टी वाजली.

"हात लावू नका."