सगळ्यात कमी युनिट

"दुसरा क्रमांक, सौ. कुमुद नरेश ढोक!"

माईकवर नाव आलं आणि कुमुदचा चेहरा पडला. शेजारच्या क्षमाने कोपराने ढोसलं तेव्हा कुठे ती उठली. गेला महिनाभर तिने तयारी केली होती ती पहिल्या नंबराची.

चौबे कॉलोनीतल्या त्यांच्या गल्लीने एप्रिलमध्ये वीज बचतीची स्पर्धा ठेवली होती. प्रत्येक घराचे युनिट पाहायचे, घरातल्या माणसांच्या संख्येने भागायचे, ज्याचा आकडा सगळ्यात लहान तो पहिला. रायपूरच्या एप्रिलात हे काही खायचं काम नव्हतं. पण कुमुदने घरात आणीबाणीच लावली. मिक्सर माळ्यावर गेला आणि पाटा-वरवंटा खाली आला. इस्त्री बंद झाली. नरेशच्या पँटी रात्री गादीखाली घड्या घालून झोपू लागल्या. तो न्हाणीघरात शिरला की बाहेरून आवाज यायचा, "दिवसाढवळ्या लाइट काहून लावून राहिले? सापडत नाही का आंग?" त्यांची पोट्टी ओवी तर अभ्यासाची पुस्तकं घेऊन मैत्रिणीकडे जायला लागली. जाताना दारातून सांगायची, "मम्मी, वहाँ पंखा चलता है."

एकच सूट कुमुदने ठेवली होती. दुपारी कूलर लागायचा, कारण दुपारी अंजनाबाई यायच्या.

अंजनाबाई त्याच गल्लीच्या टोकाला राहायच्या. सत्तरीच्या, घरात एकट्या. त्यांचे यजमान नरहरपंत रेल्वेतून निवृत्त झालेले, मागच्या दसऱ्याच्या सुमारास गेले. तेव्हापासून जेवण आटोपलं की अंजनाबाई "काय करून राहिली व कुमुद?" म्हणत दारात हजर. दारी आलेल्या म्हाताऱ्या बाईला घामाघूम कसं बसवायचं? कुमुद कूलरचं बटण दाबायची आणि मीटरकडे पाठ करून बसायची.

"आणि पहिला क्रमांक," गल्लीचे अध्यक्ष सुशीलभैया माईकवर म्हणाले, "श्रीमती अंजनाबाई!"

टाळ्या पडल्या. अंजनाबाई गोंधळून इकडेतिकडे पाहू लागल्या. गल्लीतल्याच सोनियाने त्यांना हात धरून पुढे नेलं. "दादी, दो शब्द बोलिए ना. आपका सीक्रेट क्या है?"

अंजनाबाईंनी पदर सावरला. "मी काईच नाही केलं बापा," त्या म्हणाल्या. "सकाळचा चहा क्षमाकडे घेतो. दुपारी कुमुदकडे बसतो. दिवे लागले का सोनियाकडे सिरीयल पाहतो. घरी फक्त झोपाले जातो. मंग मीटर फिरन कसा?"

मांडवात हशा पिकला. कुमुदला मात्र राहवलं नाही. "म्हणजे बचत काकूची आन कूलर माहा!" ती जागेवरूनच ओरडली. हशा दुप्पट झाला. अंजनाबाईही तोंडाला पदर लावून हसल्या.

परतताना त्या दोघी बरोबरच निघाल्या. बक्षिसाचा एलईडी बल्ब अंजनाबाईंच्या हातात होता. कुमुदचा राग अजून उतरला नव्हता.

"काकू, तुमच्या घरी कूलर हाय, पंखा हाय. तरी काहून नाही लावत वो?"

"लावला होता ना, सुरवातीले," अंजनाबाई म्हणाल्या. त्या अजून मघाचंच हसत होत्या. "आमच्या घरी पंख्यावरून रोज भांडण व्हायचं. त्यायले जोरात पायजे, मले हळू. चाळीस वर्षं भांडलो. आता हळू केला तरी कोणी काई म्हणत नाही. जोरात केला तरी नाही. मंग नाहीच लावत."

एवढं बोलून त्यांनी कुलूप काढलं आणि आत गेल्या. कुमुद फाटकाशी थांबली. आत दिवा लागेल म्हणून तिने बराच वेळ वाट पाहिली. लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून अंजनाबाई निघायच्या बेतात होत्या, तेवढ्यात कुमुदच त्यांच्या घरात शिरली. हातात निवडायची भाजी, मागे क्षमा आणि सोनिया. कोणाला काही न विचारता कुमुदने पंखा पाचवर केला.

"अवं, हळू कर! डोक्शात वारं जाते माह्या."

"नाही करत. मले जोरात पायजे."

"तुह्या घरी कर जोरात! इथं माहं चालते!" अंजनाबाई तरातरा उठल्या आणि त्यांनी पंखा दोनवर आणला. कुमुदने तो परत पाचवर नेला. अंजनाबाईंनी परत खाली. भाजी तशीच राहिली. "आप लोग पहले तय कर लो," म्हणत सोनियाने तोवर कूलरही सुरू केला. अंजनाबाईंचा आवाज इतका चढला होता, की क्षमा घाबरून त्यांच्याकडे पाहू लागली. भांडता भांडता त्यांचे डोळे वाहत होते आणि बटणावरचा हात काही निघत नव्हता.

ते भांडण दुसऱ्या दिवशी पुढे चाललं. तिसऱ्या दिवशी त्यात आणखी दोघी सामील झाल्या. मेअखेरचा नौतपा, ते नऊ जाळणारे दिवस, लागला तोवर दुपारची सगळी गल्ली अंजनाबाईंच्या बैठकीत मावून बसू लागली होती.

स्पर्धा मेमध्येही चालू होती. मेची बिलं आली. दुपारभर घरोघरचे कूलर बंद राहिल्यामुळे सगळ्यांचे युनिट धडाधड उतरले होते. या वेळी कुमुद पहिली आली. पण तिचं कौतुक करायला कोणालाच सवड नव्हती. शेवटच्या क्रमांकावर गेलेल्या अंजनाबाई आपलं बिल हातात घेऊन दारोदार दाखवत हिंडत होत्या.

"पाहा वो, केवढं आलं! माणसाचं घर म्हटलं का इतकं येतेच."