भुकेचं शास्त्र

“बास, मामी,” म्हणत बजरंगने तिसऱ्या पोळीलाच ताटावर हात आडवा धरला. प्रेमलाबाई पोळी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. गोपाळकृष्णांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं. त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं, पण भाच्याच्या तोंडाकडे बघण्यापेक्षा ते बरं होतं.

पोलीस भरतीच्या तयारीसाठी बजरंग लोणी काळभोरहून मामाकडे सदाशिव पेठेत राहायला आला होता. पहिल्याच रविवारी, चार पाहुणे पंगतीला असताना, त्याने आणखी एक पोळी मागितली. किती झाल्या होत्या कोण जाणे, पण बऱ्याच झाल्या होत्या. “अगं, त्याला कणकेची परातच दे,” गोपाळकृष्ण म्हणाले होते, “लाटायचा त्रास तरी वाचेल.” पंगत खो खो हसली. बजरंगही हसला. पेठेत वर्षानुवर्षं काढली की जिभेला अशी धार येतेच, आणि पंगत हसली की माणूस स्वतःवर खूशही होतो. गोपाळकृष्ण झाले होते.

त्यानंतर पोरगा दोन पोळ्यांवर आला. रोज पहाटे मैदानावर जायचा, घामाघूम होऊन परतायचा आणि “पळून आलो की भूकच लागत नाय,” म्हणायचा. महिन्याभरात त्याचे गाल बसले. गावाहून सोजरबाईचा फोन आला, “दादा, पोरगं खातंय ना रं पोटभर?” “खातो की,” गोपाळकृष्ण म्हणाले. बापाविना वाढवलेलं एकुलतं एक पोर बहिणीने विश्वासाने धाडलं होतं, आणि आपण त्याचं ताट काढून घेतलं. त्या दिवशी त्यांनी स्वतःही दुसऱ्या पोळीला ताटावर हात आडवा धरला. पण भाच्यासमोर बसून ‘चुकलो’ म्हणायला जीभ रेटत नव्हती. एरवी कशी चुरूचुरू चालायची!

खालच्या मजल्यावर डॉक्टर पद्मजा राहायच्या. त्यांचं संशोधन नेमकं पळणं आणि भूक याच विषयावर चाललं होतं. तरुण मुलांना यंत्रावर पळवायचं, त्यांचं रक्त तपासायचं, मग जेवण मांडून ती किती खातात ते बघायचं. एका सकाळी गोपाळकृष्णांनी जिन्यातच त्यांना गाठलं.

“दमेपर्यंत पळालं की भूक मरते का हो?”

“मरते ना. जोरात पळालं की भूक लावणारं संप्रेरक रक्तात कमी होतं, पोट भरल्याचा निरोप देणारी वाढतात. तासभर तरी मुलं अन्नाकडे फारशी बघत नाहीत. पण काका, तेवढ्यापुरतंच. नंतर भूक पुन्हा येते. पळूनही कोणी महिनामहिना कमीच खात असेल, तर त्याचं कारण वेगळं—”

पुढचं ऐकायला गोपाळकृष्ण थांबलेच नाहीत. त्यांना हवं होतं ते मिळालं होतं. म्हणजे सगळा संप्रेरकांचा खेळ! आपण उगाच महिनाभर स्वतःला खात बसलो. छातीवरचा धोंडा उतरला. पोराला उशिरा वाढायचं, बस्स. आजच सुरुवात करू म्हणून पिशवी घेऊन ते श्रीखंड आणायला शनिवार पेठेकडे निघाले. वाटेत दोघांना स्वतःहून नमस्कारही केला.

कोपऱ्यावरच्या मिसळीच्या दुकानाशी त्यांचे पाय थांबले.

आतल्या टेबलावर बजरंग बसला होता. मैदानावरून थेट आला असावा; बनियन अजून पाठीला चिकटलेलं होतं, श्वासही नीट बसला नव्हता. डॉक्टरीणबाईंच्या शास्त्राप्रमाणे या घटकेला त्याला भूक असायलाच नको होती. तो पाव रश्श्यात बुडवून भराभर तोंडात कोंबत होता. मान खाली. शेजारी आणखी पाव होते, आणि आणखी एक रिकामी ताटली. गोपाळकृष्णांना मागच्या मागे वळावंसं वाटलं. पण बहिणीचा आवाज कानात होता. ते आत गेले.

त्यांना पाहताच बजरंग ताडकन उठला. तोंडातला घास तोंडातच राहिला.

“बजरंग,” गोपाळकृष्ण टेबलाशी येत म्हणाले. “अरे, घरी…”

पोराने कसाबसा घास गिळला. चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला होता.

“मामा, मामीला सांगू नका,” तो हळूच म्हणाला. “तिला उगं वाटंल, आपलंच कायतरी चुकलं.”